कोरी डिश

टायमर रडला नाही, यावर आमच्या मजल्यावर महिनाभर खल चालला होता. बायको जाऊन पाचवा दिवस, आणि हा माणूस पावणेनऊला हजर. पांढरा कोट, खिशाला अडकवलेला तो पिवळा टायमर, ज्याच्यावरून आम्ही त्याला हे नाव ठेवलं, आणि तोंडावर काही म्हणजे काही नाही. कोणी म्हणालं, दगड आहे. कोणी म्हणालं, सुटला बिचारा. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी तरी काय वेगळी होते? मलाही त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. हात काम करत होते, तोंड बोलत होतं, आत सगळं बधिर.

तो निवृत्त झाला, त्या निरोपाच्या दिवशी लोक काय काय बोलले. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, अमुक आणि तमुक. मनमिळाऊ तर तो मुळीच नव्हता, अठ्ठावीस वर्षं शेजारी काढलेल्या बाईला विचारा. मी काही त्या दिवशी बोलले नाही. म्हणून आता सांगते.

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. माझं काम पेशींचं खाणं बनवायचं. काचेच्या डिशमध्ये जिवंत पेशी वाढवतात, त्यांना साखर, मीठ, जीवनसत्त्वं घातलेलं एक गुलाबी पाणी लागतं, ते मी करते. शिवाय प्रयोगांची वही मी लिहिते, कारण टायमर आत अंधारात बसलेला असायचा. तो आतून आकडे सांगणार, मी बाहेर लिहिणार.

त्याचं काम त्या पेशींमधलं कॅल्शियम मोजायचं. हो, तेच, हाडांतलं आणि दुधातलं. पेशीच्या आत ते नावालाच असतं, पण पेशीला एखाद्या औषधाने डिवचलं की भसकन वाढतं. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पेशींना एक रंग पाजायचा. तो रंग कॅल्शियमला चिकटला की निळ्या उजेडात हिरवा चमकतो. चमक वाढली की कॉम्प्युटरवरची रेघ वर चढते. त्या रंगाला एक शेपटी जोडलेली असते, तिच्यामुळे तो पेशीत शिरतो. आत गेल्यावर पेशी ती शेपटी कापून टाकते आणि रंग आत अडकतो. या कापाकापीला अर्धा तास लागतो. नवे विद्यार्थी वीस मिनिटांतच डिश उचलून आणायचे आणि हा त्यांना दारातूनच परत पाठवायचा. "शेपटी कापून होऊ दे. घाई तुला आहे, तिला नाही."

म्हणून तो टायमर. प्रत्येक गोष्टीला लावलेला. चहाला चार मिनिटं. माझ्याशी गप्पा मारायला बसला तरी टेबलावर टायमर! मी एकदा तो उचलून कपाटात टाकला, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. खडूस मेला.

आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, ती याच्या अगदी उलट. शिवणकाम करायची. मायक्रोस्कोपच्या खोलीत जराही उजेड येता कामा नये, म्हणून काळे पडदे हवे होते. ऑफिसने मागवलेले पडदे असे विरळ की त्यातून बाहेरचा रस्ता दिसायचा. तेव्हा ती स्वतः टेप घेऊन आली, माप घेतलं, आणि दारात उभं राहून मला म्हणाली, "एवढे पडदे कशाला हो? तुमच्या पेशींना लाज वाटते का?" दुहेरी कापडाचे पडदे शिवून दिले. खालच्या दुमडीत सायकलची जुनी साखळी घातली, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने हलायला नको. जाताना नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याला आत कोंडून ठेवा आणि सातला सोडा. घरी जेवताना पण वाजतो हा." पडदे अजून तेच आहेत.

आता कोरी डिश म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. खोलीच्या भिंतीवर टायमरच्या हाताने लिहिलेला एक कागद आहे, चौदा पायऱ्यांचा. चौदावी पायरी: कोरी डिश. दिवसाचं काम संपलं की शेवटी एक डिश घ्यायची. पेशी त्याच, औषध तेच, फक्त रंग पाजायचा नाही. मग पंचवीस मिनिटं बघत बसायचं. अंधारच दिसला पाहिजे. अंधार दिसला तर दिवसभराची चमक खरोखर कॅल्शियमची. नाहीतर औषधच चमकत असेल आणि आपण खुळ्यासारखे त्यालाच कॅल्शियम समजत असू. कंटाळवाणं काम. वर्षानुवर्षं तिथे अंधारच दिसायचा आणि मी वहीत लिहायचे: कोरी, शून्य.

त्या वर्षी वहिनी दवाखान्यात होती. भेटायची वेळ पाच ते सहा. आमचं काम उरकायचं पावणेपाचला, बसने अर्धा तास. कोरी डिश केली तर टायमर पोचायचा पाच चाळीसला. वीस मिनिटं बायकोजवळ बसायचं आणि नर्स बाहेर काढायची. चार दिवस मी हे बघितलं. पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "निघा हो तुम्ही. मी लिहिते शून्य. आजवर कधी दुसरं काही आलंय का तिथे?"

तो कोट घालून उभा राहिला. टायमरकडे बघितलं, भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "बाई, हे बरोबर नाही," म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी बरोबर नाही असंही म्हणाला नाही. एकसष्ट दिवस मी वहीत 'कोरी, शून्य' लिहिलं. न बघता. माझ्या अक्षरात.

ते प्रयोग घाईचे होते. घाई म्हणजे आमची पीएचडीची मुलगी. तिला मीच ते नाव ठेवलं होतं, जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळायची म्हणून. ती मला मावशी म्हणायची. मी सांगितलं होतं, "मी तुझ्या आईची बहीण नाही." ऐकेल ती घाई कसली. चार वर्षं ती एका औषधामागे होती, आणि नेमकं त्या पाचव्या दिवशीच रसायनवाल्यांनी त्या औषधाचं नवं रूप करून दिलं होतं. त्याने पेशींतलं कॅल्शियम सावकाश चढायचं, सुंदर, जिना चढल्यासारखं. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, खूश. घाई तर हवेत. प्रबंध लिहून तयार, दुसऱ्या शहरातली नोकरी पक्की, फक्त पदवी हातात यायची होती.

वहिनी गेली ती गुरुवारी, सकाळी अकराला. फोन माझ्याकडे आला, कारण आत फोन न्यायचा नाही असा त्याचाच नियम. मी पडदा सारून आत गेले. रंग पाजून झाला होता, शेपटी कापायचा अर्धा तास चालू होता. मी सांगितलं. सरळच सांगितलं, असल्या गोष्टी फिरवून सांगायला मला येत नाही. त्याने खिशातला टायमर बघितला आणि म्हणाला, "नऊ मिनिटं राहिलीत."

माझं डोकंच फिरलं. "अहो, माणूस आहात की कोण!" म्हणून ओरडले त्याच्यावर. दंड धरून बाहेर काढलं, कोटासकट टॅक्सीत घातलं, शेजारी बसले. सिग्नलला टॅक्सी थांबली आणि खिशात टायमर वाजला. टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं. यानं तो बंद केला आणि हात पुढे केला, डिश उचलायला करतो तसा. मग तो हात मांडीवर ठेवला. दवाखाना येईपर्यंत त्याची नजर त्या हातावरून हलली नाही.

पाचव्या दिवशी कामावर. मी म्हटलं, घरी थांबा. म्हणाला, "घरी काय करू?" दिवसभर त्याने कागदावरच्या पायऱ्या एक-एक करून केल्या, पहिल्यांदाच करत असल्यासारख्या. पावणेपाचला मी वही मिटायला घेतली. तो आतून म्हणाला, "मिटू नका. चौदावी राहिली."

मी वही उघडी ठेवली. आता त्याला कुठे जायचंच नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी टायमर वाजला, पण आकडा आला नाही. मी हाक मारली. पुन्हा टायमर लावल्याचा आवाज आला. तो वाजला, मग तिसऱ्यांदा लावला. शेवटी त्याने पडदा बाजूला केला. "बाई, जरा आत या."

स्क्रीनवर पेशी हिरव्या होत होत्या. रंग न पाजलेल्या पेशी! सावकाश चढत होत्या, जिना चढल्यासारख्या. ते कॅल्शियम नव्हतं. ते नवं औषध होतं, पेशीत हळूहळू शिरत होतं आणि स्वतःच चमकत होतं. एकसष्ट दिवस आम्ही त्याचाच उजेड मोजला होता.

"दुसरं काही असेल," मी म्हणाले. "डिश खरकटी असेल."

"तीन डिशा केल्या." मग म्हणाला, "शेवटी आपण कॅल्शियम शोषणारं पाणी घालतो ना, तेव्हा रेघ तळाला यायला हवी. नव्या औषधात येत नव्हती. वर लटकायची. मला रोज दिसायचं. मी म्हणायचो, पाणी जुनं झालं असेल. पावणेपाच वाजलेले असायचे."

प्रबंध जमा करायला नऊ दिवस होते. मी त्याला समजावलं. समजावलं कसलं, डोकं फोडलं त्याच्यापुढे. त्या पोरीचं वाटोळं होईल. चार वर्षं गेली तिची. नोकरी हातची जाईल. कोण बघणार आहे कोरी डिश, परीक्षक थोडेच इथे येऊन बसणार? तुम्ही आत्ता भानावर नाही आहात, महिनाभर जाऊ दे. एवढं सगळं बोलले, आणि एक गोष्ट बोलले नाही, की वहीत अक्षर माझं आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे.

तो स्टुलावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मला काही वाटत नाहीये, बाई. कशाचंच. म्हणून आत्ता सांगता येईल. उद्या-परवा वाटायला लागलं तर मग नाही जमायचं मला."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो मॅडमच्या खोलीत गेला. घाईलाही बोलावलं. मी वही घेऊन गेले, कारण वही नेणं माझंच काम. त्याने भाजीची यादी वाचावी तशा आवाजात सगळं सांगितलं. एकसष्ट कोऱ्या डिशा केल्या नाहीत. काल केली. चमकते. आधीचे आकडे धरू नका.

मॅडमनी वही ओढून घेतली, पानं उलटली. "पण इथे तर रोज शून्य लिहिलंय. हे कोणी लिहिलं?"

"मी सांगितलं ते," टायमर म्हणाला. "लिहिणाऱ्याने ऐकलं ते लिहिलं."

धडधडीत खोटं. आयुष्यात त्याने बोललेलं बहुधा एकच, आणि ते माझ्यासाठी. मी तिथे उभी होते, तोंड उघडायला दोन पावलांवर. मूग गिळून गप्प बसले. रोज ज्याच्या-त्याच्यावर तोंड टाकणारी मी!

घाई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीकडे बघत होती. तिने एकच विचारलं, "का, काका?"

"भेटायची वेळ पाच ते सहा होती. डिश नाही केली की पंचवीस मिनिटं वाचायची." मग म्हणाला, "पंचवीस तास आणि वर पंचवीस मिनिटं झाली एकूण. काल मोजली."

ती उठून गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, एकेक पायरी.

आठ दिवस ती आली नाही. नोकरी गेली, प्रबंध वर्षभर लांबला. मॅडमनी टायमरला एक ताकिदीचं पत्र दिलं, त्याने ते घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं, आणि काम चालू. मजल्यावरचे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. माझ्याशी बोलायचे, उलट माझी कीव करायचे, की बिचारीला खोटं सांगून लिहायला लावलं. ते ऐकताना मला लाज वाटायला हवी होती. सुरुवातीला तीही वाटली नाही. मी गुलाबी पाणी बनवत होते, गाळत होते, बाटल्या भरत होते. नवव्या दिवशी सकाळी बाटलीवर तारीख लिहिताना हात थांबला आणि मला माझी अशी शिसारी आली की बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

आमच्या वहीचा एक नियम आहे. चुकलेलं खोडायचं नाही, फाडायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही नि तारीख टाकायची. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. एकसष्ट पानांवर 'कोरी, शून्य' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पाहिलेली नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं.' खाली सही. वही मॅडमच्या टेबलावर उघडी ठेवली. मलाही पत्र मिळालं. मिळायलाच हवं होतं.

टायमरला कळलं तेव्हा तो चिडला. "कशाला नसता उपद्व्याप केलात?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचा चहा प्या, चार मिनिटं झाली." वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही भांडलो. मला जरा बरं वाटलं.

घाई परत आली ती केस बांधून, वही घेऊन. मला काही बोलली नाही, त्यालाही नाही. भिंतीवरच्या कागदापाशी उभी राहून तिने चौदाही पायऱ्या उतरवून घेतल्या. आता लाल चमकणारा दुसरा रंग आणला होता. लाल उजेडात ते औषध चमकत नाही, असं पुस्तकात होतं. पुस्तकात होतं म्हणजे आम्ही मोजून बघायचं. ती आणि टायमर आत, मी बाहेर वहीपाशी. ती सकाळी येताना त्याला "काका, जेवलात का काल?" विचारायला लागली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. तो म्हणायचा, "हो." खोटं असायचं, पण मी तोंड बंद ठेवलं.

मग तो दिवस. काम नीट झालं होतं, लाल रेघ थोडीशी का होईना चढली होती आणि शेवटी तळालाही आली होती. घाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. तिने घड्याळ बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "काका, पावणेपाच झाले. कोरी डिश मी करते, शेवटपर्यंत बसते, अगदी शपथ. तुम्ही निघा."

त्याने मान हलवली. टायमर काढून तिच्या हातात दिला. कोट काढला, खुंटीला अडकवला, पिशवी घेतली, दारापर्यंत गेला. एकसष्ट दिवस गेला होता तसाच, भरभर. दारात थांबला.

"कुठे?" म्हणाला.

आम्हा दोघींना विचारलं त्याने. खरंच विचारलं, माहीत नसल्यासारखं. घाईने तोंडावर हात धरला.

त्याने पिशवी खाली ठेवली. कोट परत चढवला, घाईच्या हातातून टायमर घेतला, कोरी डिश उचलली आणि पडद्याआड गेला. टायमर लावल्याचा आवाज आला. त्यानंतर दुसरा आवाज आला. आधी मला वाटलं खोकतोय. तो रडत होता. मोठ्याने, तोंड उघडून, लहान मुलं रडतात तसा, आणि मधेमधे तिला नावाने हाक मारत होता. ते नाव मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

घाई आत जायला निघाली. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी पडद्याबाहेर उभ्या राहिलो, पंचवीस मिनिटं. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिची आसवं माझ्या कोटात झिरपली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, ती मी पुसली नाही.

टायमर वाजला. आत नाक ओढल्याचा आवाज झाला, मग त्याचा नेहमीचा आवाज, जरा बसलेला. "कोरी. शून्य. लिहा, बाई."

"थांबा," मी म्हणाले.

पडदा सारून आत गेले. त्याने स्टूल सोडलं. मी बसले, वाकले, डोळा लावला, आणि नीट बघितलं. अंधार होता. मग बाहेर येऊन लिहिलं.